घराखालची जाळी

सप्टेंबर सरत आला की नदीच्या मुखाशी, टेकडीवर वसलेल्या अ‍ॅस्टोरियात उन्हाचा भरवसा संपतो. नदीवरून वर चढलेला पाऊस एकदा टेकडीला टेकला की मे महिन्यापर्यंत हलत नाही. नदीकाठच्या काटेरी झुडपांत उन्हाळा काढलेले उंदीर ओले बिछाने सोडून घरांकडे निघतात, ते त्याच दिवसांत. ज्यानं आपलं घर वेळेत बंद केलं त्याचा हिवाळा सुखाचा जातो. ज्याचं एखादं भोक राहून गेलं त्याच्या भिंतींत वसंतापर्यंत भरलेला संसार नांदतो.

कांगस बहीणभावाचं घर बंद असायचं. बाप मासेमार होता, त्यानं बांधलेलं लाकडी घर. उतारावर उभं, म्हणून मागच्या बाजूला जमिनीत रुतलेलं आणि पुढच्या बाजूला खांबांवर उचललेलं. खाली माणूस सरपटत जाईल एवढी पोकळी. इल्मा मोठी, आर्नी धाकटा. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. इल्माला एकदा विचारलं होतं, लाकडाच्या गिरणीतल्या एकानं, पण तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तो थांबायला तयार नव्हता. आर्नीनं कधी कुणाला विचारलंच नाही. तो रस्ते खात्यात होता, दरडी कोसळल्या की उपसायला जायचा. इल्मा शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दोघंही आता निवृत्त.

दर वर्षी पावसाच्या तोंडावर त्यांचा हा एक दिवस ठरलेला असे. वेल भिंतीपासून कापायचे, झाडाखाली पडलेली सफरचंदं उचलायची, सरपण भिंतीपासून लांब रचायचं, आणि मग आर्नीनं पोटावर पडून घराखाली जायचं. इल्मा खालच्या छोट्या दारापाशी विजेरी धरून उभी राही.

"डावीकडे बघ. पाइपाच्या मागे."

"पाइपाच्या मागे कोळी बसलाय."

"त्याची ख्यालीखुशाली विचार आणि पुढे सरक."

"एवढं आहे तर तू ये ना आत."

"मी त्या दारात मावले असते तर तुला जेवायला कशाला घातलं असतं?"

तो आतून हसायचा, मग खोकायचा. झरोक्यांच्या जाळ्या एकेक करून ओढून बघायचा, पाइपाभोवतीच्या फटींत तारेची घासणी कोंबायचा, उंदरांचे चाप लावायचा. चिखलानं माखून बाहेर आला की परसातला सौना, वाफेनं न्हायची लाकडी खोली, तापलेला असे. आधी तो, मग ती. मग कॉफी आणि वेलदोड्याचा पाव. शेजारचे म्हणायचे, कांगसांच्या घरात उंदीर शिरायचा तर आधी इल्माची परवानगी काढेल. इल्माला ते आवडायचं.

एका फेब्रुवारीत, सामन माशाचं सूप पुढ्यात असताना, आर्नी म्हणाला, "मी ग्लेंडाशी लग्न करतोय."

इल्मानं पाव कापता कापता विचारलं, "कोण ग्लेंडा?"

"वॉरनटनच्या कापड दुकानातली. लोकरीच्या काउंटरवर असते ती."

"तुला लोकर कशाला लागते?"

"लागत नाही," आर्नी म्हणाला. "म्हणूनच तिला संशय आला."

तो हे सांगून हसला. इल्माला हसू आलं नाही. साठी उलटलेला माणूस, अर्धे दात गेलेला, आणि लोकरीच्या काउंटरवर जाऊन उभा राहतो.

"आणि राहणार कुठे तुम्ही?"

आर्नीला प्रश्नच कळला नाही असं दिसलं. "इथेच. घर आपलंच आहे ना," तो म्हणाला आणि सूप प्यायला लागला.

ग्लेंडा एप्रिलमध्ये आली. विधवा, गुबगुबीत, बोलकी. डोंगरापलीकडच्या कोरड्या मुलखातली, जिथं पाऊस आला तर लोक बाहेर येऊन बघतात. ती सगळ्यांना 'राणी' म्हणायची, दुकानातल्या गिऱ्हाइकांना, पोस्टवालीला, आणि पहिल्या दिवसापासून इल्मालाही. बरोबर दोन पेट्या, आईनं शिवलेली गोधडी आणि तीन कोंबड्या. कोंबड्यांसाठी आर्नीनं परसात खुराडं बांधलं आणि दाण्यांना झाकणाचा लाल डबा आणला. इल्मानं डब्याचं झाकण हातानं दाबून बघितलं, घट्ट होतं. त्यात खोट काढता आली नाही.

खोट कशातच काढता येत नव्हती, हीच पंचाईत होती. ग्लेंडा भांडी घासायची, इल्मानं ठेवलेल्या जागी ठेवायची. पाव चांगला झाला की म्हणायची. फक्त तिच्या येण्यानं जेवणाचं टेबल बदललं. पूर्वी तिथं दोघं गप्प जेवायची आणि त्या गप्प बसण्याला एक ऊब होती. आता आर्नी बोलायचा. दरडींच्या गोष्टी, मुकादमाच्या नकला. यातलं काही त्यानं इल्माला कधी सांगितलं नव्हतं. "तू कधी विचारलं नाहीस," तो एकदा म्हणाला, सहज, कुचकेपणानं नव्हे. इल्मा उठून ताटं उचलायला लागली.

ऑगस्टच्या शेवटी दोघी स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत बसल्या होत्या. ग्लेंडानं विचारलं, "राणी, इथं हिवाळ्यात उंदीर येतात म्हणे."

"गावात येतात. आपल्याकडे नाही. आम्ही घर बंद करतो."

"नक्की?"

इल्मानं वर पाहिलं. ग्लेंडाच्या हातातली सुरी थांबली होती.

"मी लहान असताना आम्ही बटाट्याच्या शेतावर कामाला होतो," ग्लेंडा म्हणाली. "मजुरांच्या खोल्यांत राहायचो. माझी धाकटी बहीण पाळण्यात होती. आई कामावर, आणि लक्ष ठेवायचं मी. मला डुलकी लागली. उंदरानं तिचा कान कुरतडला. ती वाचली, तशी ती आहे अजून, पण केस कानावरून कधी मागे घेत नाही. मला त्यांचा आवाज जरी आला ना, तरी हातपाय गार पडतात. आर्नीला हे थोडंफार सांगितलंय. पण डुलकीचं नाही सांगितलं."

कुणी तिला असं काही सांगितल्याला बरीच वर्षं झाली होती. "इथं नाही येणार," ती म्हणाली. "तू निश्चिंत राहा." आणि त्या वेळी ती मनापासून म्हणाली होती.

मग तो दिवस आला. इल्मानं सकाळीच जुना कोट चढवला, विजेरीत नवे सेल घातले आणि मागच्या दारानं बाहेर पडून उतारानं खाली उतरली. घराखालचं छोटं दार आधीच उघडं होतं. ग्लेंडा तिथं उकिडवी बसली होती, हातात दुसरी विजेरी.

"राणी, तू वर बस," ती म्हणाली. "तुझे गुडघे दुखतात, आर्नी म्हणाला. आता मी आहे ना. मला शिकूनच घ्यायचंय हे, म्हणजे भीती जाईल."

आतून आर्नीचा आवाज आला, "कोण आहे?"

"कुणी नाही, इल्मा आहे," ग्लेंडा म्हणाली.

ती तसं म्हणाली ते बोलण्याच्या ओघात. इल्मा वर आली, कोट न काढता स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली. खालून दोघांचे आवाज येत होते.

"इथं एक कोळी आहे, ग्लेंडा. इल्मा त्याची चौकशी करायला लावायची."

"मग कर की. बायकोमुलं कशी आहेत विचार."

आणि हसणं. इल्माला वाटलं, आपल्या कपाटातली वस्तू कुणीतरी काढून बाजारात मांडली आहे. त्या संध्याकाळी सौना कुणीच तापवला नाही. ग्लेंडाला त्यात गुदमरायला व्हायचं.

दुसऱ्या दिवशी दोघं सामान आणायला गेली. इल्मा वेल कापायची कात्री घेऊन मागच्या बाजूला गेली. त्यांच्या निजायच्या खोलीखालच्या झरोक्यावर आर्नीनं जाळी नव्यानं ठोकली होती. ती थोडा वेळ बघत राहिली. मग घरात जाऊन पक्कड आणली, खालच्या कोपऱ्यातले खिळे उपटले आणि जाळी आत वाकवली, मूठ जाईल एवढी. पुढ्यात वेलीचा झुपका ओढून घेतला. आपण काय करतोय याचा तिनं स्वतःशी उच्चारही केला नाही. खुराड्यापाशी जाऊन तिनं लाल डब्यातून मूठभर दाणे घेतले आणि त्या भोकातून आत टाकले.

दहाएक दिवसांत आवाज सुरू झाला. आधी छतात असावा तसा, मग भिंतीत, पलंगाच्या उशाशी. ग्लेंडा न्याहारीला आली ती डोळे सुजवून.

"मुंग्या असतील," आर्नी म्हणाला. "लाकूड पोखरणाऱ्या."

"मुंग्यांचे पाय वाजत नाहीत," ग्लेंडा म्हणाली.

आर्नीनं खोलीत चाप लावले. उंदीर सापडायला लागले, घुशीएवढे. तो एक उचलून बाहेर नेई तेव्हा ग्लेंडा भिंतीकडे तोंड करून उभी राही. तो पुन्हा घराखाली जायला निघाला तेव्हा मात्र कमरेत भरलेली उसण आडवी आली. रस्ते खात्याची जुनी देणगी. डॉक्टरनं सरपटायला मनाई केली. इल्मा म्हणाली, "जाळ्या तर तू स्वतःच तपासल्यास. मग खाली काय बघायचंय?"

मग कॉफी ओतता ओतता म्हणाली, "मी बोलणार नव्हते. तुम्हाला राग येईल म्हणून. पण कोंबड्या आल्या की उंदीर येतात. दाण्यांचा वास त्यांना नदीपासून येतो."

ग्लेंडाचा चेहरा पडला. आर्नी म्हणाला, "डबा घट्ट आहे की."

"डबा घट्ट आहे. कोंबड्या खाताना सांडतात ते?"

ग्लेंडानं वाद घातला नाही. दोन दिवसांनी तिनं तिन्ही कोंबड्या खोक्यात घातल्या आणि जवळच्या नॅपा गावी एका ओळखीच्या बाईकडे देऊन आली. येताना रडली असावी. लाल डबा आणून इल्मापाशी दिला. "तुझ्या फडताळात ठेव, राणी. मला बघवत नाही. तू आधी सांगितलं असतंस तरी मी रागावले नसते गं."

कोंबड्या गेल्या, उंदीर गेले नाहीत. भिंतीत ऊब होती, आणि अधूनमधून दाणे मिळत होते. का टाकत होती ती, हे इल्मालाही सांगता आलं नसतं. पहिल्यांदा टाकले तेव्हा ग्लेंडानं जावं असं काहीतरी मनात होतं. पुढे पुढे ती नुसती टाकत राहिली, जसं माणूस दुखऱ्या दातावरून जीभ फिरवतं.

ग्लेंडा खुर्चीत बसून, दिवा लावून झोपायला लागली. गाल बसले. टेबलावर आर्नीच्या नकला बंद झाल्या. तिघंही गप्प जेवायची, पण त्या गप्प बसण्यात जुनी ऊब काही परत आली नाही. एका दुपारी ग्लेंडाच्या हातून कप पडला आणि ती फुटलेल्या कपाची इतकी माफी मागत राहिली, की इल्माला सहन होईना. ती उठली, हातोडी आणि खिळे घेऊन पावसात बाहेर गेली. जाळी सरळ करायची आणि संपवायचं. खोलीच्या खिडकीखालून जाताना तिचं आत लक्ष गेलं. ग्लेंडा पलंगावर पाय वर घेऊन बसली होती आणि आर्नीनं तिचे पाय मांडीवर घेऊन स्वेटरखाली धरले होते, गरम करायला. तो काहीतरी पुटपुटत होता. इल्माला त्याचे ओठ तेवढे दिसत होते. आई गेली त्या हिवाळ्यात इल्मा तापानं फणफणली होती, तेव्हा त्यानं दारातून 'काही हवंय का' एवढं विचारलं होतं.

आता जाळी ठोकली तर आतले उंदीर आत कोंडले जातील, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. ती हातोडी घेऊन परत आली.

डिसेंबरच्या सुरुवातीला ग्लेंडानं पेटीतून आईची गोधडी काढायला हात घातला. गोधडीच्या घडीत उंदरिणीनं घर केलं होतं, कापूस उसवून. तिनं ग्लेंडाच्या बोटाचा लचकाच तोडला. ग्लेंडा किंचाळली नाही. ती बोट धरून स्वयंपाकघरात आली आणि इल्मासमोर उभी राहिली. "बघ ना," एवढंच म्हणाली. इल्मानं जखम नळाखाली धरली, साबणानं धुतली, पट्टी बांधली. हे सगळं तिनं नीट केलं. "दवाखान्यात दाखव," असंही ती म्हणाली. ग्लेंडा म्हणाली, एवढ्याशाला कशाला.

जखम भरत आली आणि मग ताप चढला. सांधे धरले, अंगावर पुरळ उठलं. आर्नीनं तिला गाडीत घातलं तेव्हा तिला त्याचं नाव आठवत नव्हतं. दवाखान्यातून त्यानं फोन केला. "उंदीर चावल्यानं येतो म्हणे असा ताप. औषध सुरू केलंय. संसर्ग हृदयात गेला नाही तर बरी होईल, म्हणतात." त्याचा आवाज कोरडा होता. इल्मा फोन ठेवून जागीच बसली. नंतर उठून तिनं फडताळातला लाल डबा घेतला, आणि तो कुठे टाकावा हे न सुचून परत होता तिथं ठेवला.

ग्लेंडाचा ताप उतरायला लागला त्या दिवशी सकाळी आर्नी घरी आला आणि कपडे न बदलता सरळ घराखाली गेला. कमरेला पट्टा बांधून, कण्हत. इल्मा दारापाशी गेली नाही. ती वर स्वयंपाकघरात जमिनीखालून येणारा त्याच्या सरपटण्याचा आवाज ऐकत होती. न्हाणीघराखाली, मग बोळाखाली, मग त्या खोलीखाली. तिथं आवाज थांबला. बराच वेळ काहीच नाही. मग परत येण्याचा आवाज.

तो स्वयंपाकघरात आला. चिखल गळत होता. त्यानं मूठ उघडून टेबलावर दाणे ठेवले. वाकडे झालेले दोन खिळे ठेवले.

"जाळीचा कोपरा कुणी वाकवला?"

"गंजली असेल."

"गंजलेली जाळी तुटते, इल्मा. घडी घातल्यासारखी वाकत नाही. आणि नवी होती ती."

"उंदरांनी..."

"उंदीर खिळे उपटत नाहीत." तो खुर्चीवर बसला नाही. "दाणे ताजे आहेत. कोंबड्या जाऊन किती दिवस झाले?"

खाली नदीवर समुद्रसिंह भुंकत होते. एरवी त्यांच्याकडे कुणाचं लक्षही जात नसे.

"का?" आर्नी म्हणाला.

"तू मला विचारलं नाहीस."

"काय विचारायचं होतं?"

तिला सांगता येईना. लग्नाचं, घराचं, विजेरी कुणी धरायची त्याचं. ओठावर आलं ते भलतंच. "मी सगळा जन्म या घरात घातला."

"मीही घातला की," आर्नी म्हणाला. "मला वाटायचं तुला माझी अडचण होते. जेवायला घालते, पण अडचण होते. ग्लेंडा आली तेव्हा वाटलं, चला, इल्माच्या डोक्यावरचं ओझं उतरलं."

इल्मानं टेबलावरचा एक वाकडा खिळा उचलला आणि परत ठेवला.

"तिनं तुला बहिणीचं सांगितलं होतं," तो पुढे म्हणाला. "मला ती म्हणाली, इल्माला सगळं सांगितलं, आता हलकं वाटतंय. सगळं म्हणजे काय, ते मला अजूनही माहीत नाही. तुला माहीत होतं."

"आर्नी, ती मरावी असं मला..."

"ते मला माहीत आहे." त्यानं हात धुतले, तिच्या फडक्याला न पुसता पँटला पुसले. "तिला हे कळता कामा नये. तुझ्यासाठी नव्हे. तिनं तुला बहीण मानलंय. ते तिचं जाऊ नये म्हणून."

ग्लेंडा नाताळच्या आधी दवाखान्यातून सुटली, पण घरी राहायला आली नाही. आर्नीनं डोंगरापलीकडे, तिच्या चुलत भावाच्या गावी, दोन खोल्या बघितल्या होत्या. कोरडी हवा, सांध्यांना बरी, असं त्यानं तिला सांगितलं. घर इल्माचंच राहू दे, मला नको, असं इल्माला. ती दोघं सामान न्यायला आली त्या दिवशी ग्लेंडा काठी टेकत स्वयंपाकघरात आली आणि इल्माच्या गळ्यात पडली. अंग हलकं झालं होतं तिचं, पाखरासारखं.

"माझ्यामुळे झालं गं सगळं," ती इल्माच्या खांद्यावर म्हणाली. "तुझं स्वच्छ घर. मी कोंबड्या घेऊन आले आणि उंदीर आणले. आणि आता तुझा भाऊही घेऊन चाललेय. तू माझ्याशी एक शब्द वाकडा बोलली नाहीस. दुसरी असती तर तिनं घराबाहेर काढलं असतं."

दारात आर्नी पेटी धरून उभा होता. इल्मानं त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता; ती काय उत्तर देते ते तो ऐकत होता.

"असू दे," इल्मा म्हणाली. "कोंबड्यांना काय कळतं."

आर्नीनं पेटी उचलली आणि बाहेर गेला.

तो हिवाळा इल्मानं पुढच्या खोलीत झोपून काढला. जाळी आर्नी जाण्यापूर्वी ठोकून गेला होता, पण आत राहिलेल्यांनी भिंतीत पिल्लं घातली होती. उन्हाळ्यात थोडी शांतता झाली. शेजारणीनं एकदा विचारलं, "आर्नी येत नाही का गं भेटायला?" इल्मा म्हणाली, "लांब आहे." शेजारीण म्हणाली, "हो, लांब आहे खरं," आणि तिच्या चेहऱ्यावरून इल्माला वाटलं, टेकडीवर काहीतरी बोललं जातं आहे. आता उंदरांना तिची परवानगी लागते असं कुणी म्हणत नव्हतं.

सप्टेंबर पुन्हा सरला. एका सकाळी तिनं जुना कोट चढवला, छोटं दार उघडलं आणि स्वतः आत शिरायचा प्रयत्न केला. खांदे गेले, कमर अडली. पुढे होता येईना, मागे होता येईना. तोंड ओल्या मातीत. ती ओरडली असती तर शेजारीण आली असती, पण तिनं हाक मारली नाही. कोटाची बटणं तुटेपर्यंत अंग ओढून ती बाहेर आली आणि पावसात गवतावर बसून राहिली. सौना तापवायचा तिला विचार आला. एकटीसाठी एवढी लाकडं जाळावीत असं वाटलं नाही.

शेवटी तिनं कीड मारणाऱ्या माणसाला बोलावलं. तो घाईत होता. त्या दिवसांत सगळेच बोलावतात. घराखाली, माळ्यावर त्यानं विषाच्या पेट्या ठेवल्या. "मरतील," तो म्हणाला. "पण कुठे मरतील ते माझ्या हातात नाही." ते भिंतीत मेले. वास आधी खोलीत आला, मग बोळात, मग इल्माच्या उशीला. दारांच्या फटी चिंध्यांनी बुजवून, व्हिनेगरच्या वाट्या भरून ठेवून काही फरक पडला नाही. पावाच्या पिठालाही तोच वास येतोय असं तिला वाटायचं. तिनं पाव करणं सोडलं.

ग्लेंडाचा फोन रविवारी यायचा. बोटाचं पेर वाकत नाही, पण बाकी बरी आहे. इकडे बर्फ पडलं. आर्नीनं अंगणात बाक केला. "तो आत्ता शेडमध्ये आहे, राणी. त्याला सांगते हं तुझा आवाज ऐकला म्हणून." तो नेहमी शेडमध्ये असे. "आणि उंदीर?" ग्लेंडा आवाज बारीक करून विचारायची.

"नाहीत," इल्मा सांगायची. "एकही नाही."

"बघ. म्हणजे माझंच चुकलं होतं."

यावर इल्मा पावसाचं बोलायला लागायची.

नोव्हेंबरात एका रविवारी फोन आला नाही. इल्मानं संध्याकाळपर्यंत वाट बघितली आणि स्वतःच लावला. बराच वेळ घंटी वाजली.

"हॅलो," आर्नी म्हणाला.

तिला वाटलं होतं ग्लेंडाच उचलेल. तो पुन्हा हॅलो म्हणाला, आणि मग त्याला कळलं असावं.

"ग्लेंडा चर्चच्या जेवणाला गेलीय," तो म्हणाला. "बरी आहे. तुझा फोन आला होता म्हणून सांगतो तिला."

"आर्नी."

"हं."

किती दिवस ती हे नाव कुणाला हाक मारायला म्हणून बोलली नव्हती. माफी मागायची होती, निदान तिनं तसं ठरवलं होतं, आंघोळ करताना, भाजी चिरताना शब्दही जुळवले होते. त्यातला एकही आला नाही.

"घरात फार वास येतोय रे," ती म्हणाली. "भिंतीत मेलेत. कुठे ते कळत नाही."

पलीकडे तो श्वास घेताना ऐकू येत होता. त्याला ते घर बोटांच्या पेरांसारखं पाठ होतं. कुठल्या भिंतीत पोकळी आहे, कुठली फळी काढली की हात जातो, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

"खिडक्या उघड," आर्नी म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

इल्मा उठली. पुढच्या खोलीची खिडकी तिनं उघडली, मग बोळातली, मग त्या दोघांच्या खोलीतली. पाऊस तिरपा येत होता. उघड्या खिडक्यांतून तो जमिनीवर, रिकाम्या पलंगाच्या फळ्यांवर पडायला लागला, आणि ती कोट अंगावर ओढून स्वयंपाकघरात बसली.